कैलास-मानसरोवर: मार्ग कुठला, उंचीचं गणित कसं, आणि परिक्रमेत काय राहून जातं?

निवांत_पथिक

नमस्कार मंडळी. 2026 हे तिबेटी पंचांगातलं अश्ववर्ष. या वर्षातली कैलासाची एक परिक्रमा तेरा परिक्रमांच्या बरोबरीची मानतात, त्यावरून घरात विषय निघाला आणि आता मागे हटायला कुणी तयार नाही. जाणारे चौघे. मी आणि बायको पन्नाशीच्या आत, सह्याद्रीतल्या चढउतारांची सवय असलेले. सासरे 68 वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू, रोज तासभर चालणारे. मेहुणा अमेरिकेत, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते).

आयोजकांची माहितीपत्रकं ढीगभर जमलीत, पण सगळीकडे "इतक्या दिवसांत", "हेलिकॉप्टरने झटपट" एवढंच ठळक. माझे प्रश्न असे: मार्ग कुठला घ्यावा? सासऱ्यांना कुठपर्यंत नेणं शहाणपणाचं? परिक्रमेचा दुसरा दिवस अवघड म्हणतात, तो नेमका कुठे अवघड? आणि पर्वत व सरोवर सोडून वाटेत बघण्यासारखं काय आहे? गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, बघायची आम्हा सगळ्यांनाच आवड आहे. सरोवरात स्नान करू देतात की नाही याबद्दलही दोन मतं ऐकली.

घाटमाथा

मेहुण्यांपासून सुरुवात करू, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. परराष्ट्र मंत्रालयाची यात्रा फक्त भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आहे. ओसीआय कार्डावर अर्जच करता येत नाही. चौघांनी एकत्रच जायचं असेल तर खासगी आयोजक हाच रस्ता उरतो, आणि त्यालाही पहिल्याच फोनला "तीन भारतीय, एक परदेशी पासपोर्ट" असं सांगून टाका. दोघांच्या परवानग्यांची कामं वेगळी चालतात आणि ऐनवेळी सांगितलं की एकाचा कागद मागे राहतो.

तरीही सरकारी यात्रेचं सांगून ठेवतो, धागा वाचणाऱ्या इतरांना उपयोग होईल. 2020 पासून बंद असलेली यात्रा 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी उत्तराखंडातल्या लिपुलेखमार्गे 50-50 जणांच्या 5 तुकड्या, सिक्कीममधल्या नाथू-लामार्गे 10. म्हणजे जागा 750 आणि अर्ज साडेपाच हजारांच्या वर. निवड सोडतीने. वय 18 ते 70, बॉडी मास इंडेक्स 25 च्या वर चालत नाही. खर्च माणशी लिपुलेखने साधारण 1.74 लाख आणि नाथू-लाने 2.83 लाख रुपये होता, दिवस दोन्हीकडे तीन आठवड्यांच्या आसपास. वैद्यकीय तपासणी दोनदा होते, एकदा दिल्लीत आणि पुन्हा वर उंचीवर. दिल्लीत पास झालेला माणूस लिपुलेखच्या वाटेवरच्या गुंजीहून परत पाठवला जाऊ शकतो, ही तयारी मनात ठेवूनच रजा टाकावी. चीनच्या हद्दीत काही बरंवाईट झालं तर अंत्यसंस्कार तिथेच करायला संमती देणारा कागदही लिहून द्यावा लागतो. घरच्यांना तो आधीच दाखवा. निघायच्या आदल्या रात्री दाखवलात तर रडारड होते.

आता खासगी मार्ग. लोक दिवस आणि पैसे बघून मार्ग निवडतात. बघायची असते ती रात्रीच्या मुक्कामांची उंची, ती सुद्धा ओळीने.

काठमांडू–केरुंग–सागा हा सगळ्यात जास्त विकला जाणारा रस्ता. काठमांडू 1,400 मीटर, केरुंग 2,800, आणि तिथून एका दिवसात सागा, म्हणजे जवळजवळ 4,500. मध्ये पाच हजारांवरची खिंडही ओलांडावी लागते. एका रात्रीत झोपायची उंची 1,700 मीटरनं वाढते, आणि या मार्गावरची बहुतेक दुखणी सागाच्या त्या पहिल्या रात्रीच सुरू होतात. शिवाय जुलै 2025 च्या पुरात रसुवागढीचा सीमेवरचा पूल वाहून गेला होता. नाका सुरू आहे की प्रवासी दुसरीकडून फिरवताहेत, हे पैसे भरण्याआधी विचारा.

हेलिकॉप्टरचा मार्ग म्हणजे नेपाळगंज, तिथून विमानाने सिमिकोट (2,900 च्या आसपास), तिथून हेलिकॉप्टरने सीमेवरचं हिल्सा आणि मग गाडीने तिबेटातलं तकलाकोट, सुमारे 3,900 मीटर. नेपाळगंज जवळपास आपल्या विदर्भाच्या सपाटीवर, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुम्ही चार हजारांच्या आसपास. दुसरी अडचण ढगांची. पावसाळ्यात सिमिकोट दोन-दोन दिवस उघडत नाही, आणि परतीची विमानतिकिटं घट्ट बांधलेली असली की ते दिवस तुमच्या विश्रांतीतूनच कापले जातात.

ल्हासामार्ग महाग आणि लांब, पण चढण सगळ्यात हळू. ल्हासा 3,650, शिगात्से 3,840, मग सागा. ल्हासाला तीन रात्री काढल्या की पोताला राजवाडा, जोखांग मंदिर बघून होतं आणि शरीरही जुळवून घेतं. शिगात्सेला 1447 साली स्थापन झालेला ताशिल्हुन्पो मठ. सासरे बरोबर असतील तर माझं मत सरळ ल्हासाला. ते जमत नसेल तर केरुंगला दोन आणि सागाला दोन रात्री लेखी मागून घ्या. आयोजक कुरकुरतो, पण देतो.

अली आणि पुरांगला आता विमानतळ आहेत म्हणून "सरळ विमानानेच जाऊ" असं कुणी सुचवेल. दोन्ही सव्वाचार हजार मीटरच्या आसपास आहेत. सपाटीवरून थेट तिथे उतरणं म्हणजे पैसे मोजून डोकेदुखी घेणं.

डोंगरवेडा_डॉक्टर

वरच्या प्रतिसादाशी सहमत. वैद्यकीय बाजू मांडतो. हे सर्वसाधारण आहे. सासऱ्यांच्या गोळ्यांबद्दलचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांनीच घ्यावा.

तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दररोज 500 मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा नियम आहे. कैलासचा कुठलाच बाजारू कार्यक्रम तो पाळत नाही. म्हणून ॲसिटाझोलामाइडचा, म्हणजे डायमॉक्सचा, विचार करावा लागतो. प्रतिबंधाचा नेहमीचा डोस 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते, सोडा बेचव लागतो. हे अपेक्षित आहे. सल्फा औषधांची तीव्र ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. निघण्यापूर्वी घरी दोन दिवस घेऊन पाहावी, म्हणजे तिथे दिसणारे त्रास गोळीचे की उंचीचे हा घोळ होत नाही.

गोळी घेतली म्हणून वेगाने चढण्याची मुभा मिळत नाही. डोकेदुखी अधिक मळमळ, भूक मेलेली, झोप नाही, एवढेच असेल तर आहे तिथेच थांबावे, वर जाऊ नये. खरी धोक्याची लक्षणे दोन. बसल्या जागी धाप आणि खोकला, म्हणजे फुप्फुसात पाणी भरू लागले आहे. आणि चालताना तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता, म्हणजे मेंदूला सूज. दुसऱ्याची चाचणी सोपी: जमिनीवर सरळ रेषेत एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत दहा पावले चालायला सांगा. सकाळी जमले आणि संध्याकाळी जमत नाही, तर त्याच रात्री खाली. "सकाळपर्यंत बघू" यात माणसे जातात. डेक्सामेथासोन (मेंदूच्या सुजेवर) आणि निफेडिपिन (फुप्फुसातील पाण्यावर) ही औषधे गटातील जाणकाराजवळ हवीतच, पण ती खाली नेईपर्यंतचा वेळ मिळवण्यासाठी.

ऑक्सिमीटरबद्दल गैरसमज फार. मानसरोवरावर, 4,590 मीटरवर, धडधाकट माणसाच्याही रक्तातील ऑक्सिजन 80 ते 88 टक्के दिसणे नेहमीचे. मुंबईतला 97 चा आकडा तिथे शोधू नका. थंड बोटाला तो खोटाच कमी आकडा दाखवतो. हात खिशात धरून गरम करा, बोट अडकवून पूर्ण मिनिटभर थांबा, मग वाचा. आणि आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. बाजारात मिळणारे ऑक्सिजनचे फवारे मनाच्या समाधानापुरते. 10 लिटरचा डबा मिनिटाला 2 लिटरने पाच मिनिटांत संपतो. आयोजकाला विचारायचे ते हे: भरलेला मोठा सिलिंडर आणि दाबाची पिशवी (आजाऱ्याला आत ठेवून हवेचा दाब वाढवणारी) गटाबरोबर चालते का, की परिक्रमा सुरू होते त्या दारचेन गावी गाडीत पडून राहते?

सासऱ्यांसाठी: निघण्यापूर्वी ताण चाचणी आणि इको. उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब घरच्यापेक्षा वर राहतो, म्हणून यंत्र बरोबर हवे आणि आकडा वाढल्यास गोळी कशी वाढवायची हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. गोळी बीटा-ब्लॉकर गटातील असेल तर चढावर नाडी हवी तेवढी वाढत नाही. हे आवर्जून विचारावे. झोपेची गोळी नको, आणि "थंडीसाठी थोडीशी" तर अजिबात नको.

माझे मत: मानसरोवर आणि परिक्रमेच्या सुरुवातीच्या यमद्वारापर्यंत त्यांना न्यावे. दुसऱ्या दिवशीची डोल्मा-ला ही खिंड नको.

खिंडकरी

परिक्रमा 52 किलोमीटरची, भारतीय गट ती तीन दिवसांत करतात. तिबेटी माणसं पहाटे निघून एका दिवसात संपवतात. त्यांच्या पावलांशी स्पर्धा करू नका. बौद्ध, हिंदू, जैन सगळे पर्वत उजव्या हाताला ठेवून. समोरून उलट येणारे भेटतील ते बोन या जुन्या तिबेटी पंथाचे, वाट चुकलेले नव्हेत.

पहिला दिवस सोपा. दारचेनहून गाडीने तारबोचेच्या मैदानात, जिथला पताकांचा उंच खांब दरवर्षी सागादावा या तिबेटी महिन्याच्या पौर्णिमेला उतरवून पुन्हा उभारतात. जवळच यमद्वार, म्हणजे दोन पायांचा स्तूप, ज्याखालून जायचं. तिथून ल्हा-चू नदीच्या काठाकाठाने दिरापुकपर्यंत 12-13 किलोमीटर. चढ सौम्य, पण नवख्याला सहा तास लागतात. दुपारनंतर दरीतून समोरून वारा येतो, तोच थकवतो.

दुसरा दिवस. दिरापुक सुमारे 5,000, डोल्मा-ला 5,630, मग खाली झुटुलपुक 4,800. चाल 20-22 किलोमीटर, वेळ आठ ते बारा तास. अवघड कुठे ते विचारलंत म्हणून तुकड्यांत सांगतो. गोम्पाखालून निघाल्यावर ओढा ओलांडला की पहिलाच चढ खडा. तो अंधारात आणि थंड पायांनी चढायचा असतो, आणि तिथे जोर लावला की उरलेला दिवस बोंबलतो. वर थोडी सपाटी, मग शिवस्थळ, साधारण 5,300 वर, जिथे यात्रेकरू जुन्या देहाचं प्रतीक म्हणून कपडा किंवा केसांची बट सोडतात. पुन्हा बऱ्यापैकी सरळ वाट, आणि शेवटची दोनेकशे मीटर उंची मोठमोठ्या दगडांतून नागमोडी. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो. चालायची रीत एकच: पन्नास पावलं ठरवा, जमत नसतील तर वीस, पण दर वेळी तेवढीच चालून उभ्यानेच दम घ्या. बसलात की उठताना धाप दुप्पट.

माथ्यावर पताकांनी झाकलेली डोल्माची शिळा. दहा-पंधरा मिनिटांच्या वर थांबू नये. इथे एक सांगून ठेवतो, कारण बऱ्याच जणांचा विरस होतो: खिंडीतून कैलास दिसत नाही. उत्तरेचा चेहरा दिरापुकलाच, सूर्य त्यावर पडतो तेव्हा मन भरून बघून घ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दरीत उतरल्यावर उजव्या हाताला खांद्रो-सांगलामची उपदरी येते, तिच्या तोंडाशी मान वळवली तर पूर्वेची बाजू क्षणभर दिसते. वाटाड्याला आधी सांगून ठेवलं नाही तर तो न थांबता पुढे जातो.

गौरीकुंड खिंडीच्या पलीकडे उजवीकडे, वाटेच्या बरंच खाली. उतरून पाणी आणायचा मोह होतो आणि तिथून परत वर येताना लोक कोसळतात. हमालाला पाठवा.

आता खरी गुडघ्यांची परीक्षा. खिंडीनंतरचा उतार सुट्या दगडांचा, तीव्र. घोड्यावर आलेल्यांनाही इथे उतरून चालावंच लागतं, आणि ही गोष्ट घोडा घेताना कुणी सांगत नाही. "चढ घोड्यावर, मग काय उतारच" असं मानून आलेले सगळ्यात हाल काढतात. दोन काठ्या, त्यांची उंची उतारासाठी थोडी वाढवलेली, बुटांच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट. खाली चहाचा तंबू. तिथून पुढे नदीचा उजवा काठ सोडायचा नाही, झुटुलपुक त्याच काठावर आहे. समोरच्या काठावर गेलात तर संध्याकाळी वाढलेल्या पाण्यातून परत यायची पाळी.

तिसरा दिवस तीनेक तासांचा, शेवटी गाडी भेटते.

घड्याळ: तिबेटभर बीजिंगची वेळ, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. जूनमध्ये कैलासापाशी सूर्य उगवतो तो घड्याळात पावणेआठच्या सुमारास. गटप्रमुख "पहाटे पाचला निघू" म्हणाला तर ती मिट्ट काळोखातली, शरीराच्या हिशेबाने अडीचची वेळ. साडेसहाला निघा म्हणावं. खिंड घड्याळातल्या एकच्या आत ओलांडली की पुरे, दुपारी उशिरा गारा आणि वारा सुरू होतो.

निवांत_पथिक

बापरे, एवढं नेमकं कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. डॉक्टरसाहेब, सासऱ्यांना यमद्वारापर्यंतच न्यायचं म्हणजे पुढे तीन दिवस ते कुठे राहतील? आणि खिंडकरी, घोडा आणि हमाल वाटेत गरज पडली की मिळतात का?

खिंडकरी

नाही मिळत. दारचेनला तिन्ही दिवसांचे पैसे आधी भरून नोंद करायची, आणि कुठला घोडा, कुठला हमाल हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. निवडीला वाव नाही. अर्ध्या वाटेत गरज पडली आणि रिकामा घोडा भेटला तर तो नशिबाचा भाग. दमखम असला तरी हमाल घ्याच. पाठीवर सात-आठ किलोचं ओझं दुसऱ्या दिवशी फार जाणवतं. पण पाणी, विजेरी, पावसाळी अंगरखा आणि औषधं स्वतःच्याच कमरेच्या पिशवीत ठेवा, कारण हमाल बऱ्याचदा नजरेआड पुढे असतो.

घोड्याच्या मागे उभं राहू नका, आणि घोडेवाला लगाम धरत नाही तोवर बसू नका. पडण्याचे प्रकार बसताना-उतरताना जास्त होतात.

डोंगरवेडा_डॉक्टर

सासऱ्यांना दारचेनला ठेवतात, पण ते 4,600 च्या वर आहे, म्हणजे न चालताही शरीराला विश्रांती नाही. तकलाकोट शंभरेक किलोमीटरवर आणि सातशे मीटर खाली. गाडी आणि एक माणूस देऊन तिकडे ठेवता येईल का, हे आयोजकाला आताच विचारावे. गटव्हिसा हा एकच कागद असतो, सगळ्यांची नावे त्यावर, आत-बाहेर सगळ्यांनी मिळून. आजारी पडलेल्या एकट्याला आधी परत पाठवायचे तर तो कागद तिथल्या कार्यालयातून वेगळा करून घ्यावा लागतो. त्यात वेळ जातो. म्हणून त्यांच्याबरोबर कोण थांबणार हे घरीच ठरवा. दारचेनला ठरवू गेलात तर भांडण ठरलेले.

गेरूचा_रंग

गोम्पांबद्दल विचारलंत म्हणून आले. वर सगळे "एक रात्र जास्त थांबा" म्हणताहेत, त्या जास्तीच्या दिवसाचं काय करायचं याचं उत्तर याच ठिकाणांत आहे. खोलीत पडून छताकडे बघत बसण्यापेक्षा हळूहळू फिरलेलं शरीरालाही मानवतं.

तकलाकोटला थांबलात तर खोजरनाथ सोडू नका. गावापासून वीसेक किलोमीटर, कर्णालीच्या काठी. आतल्या तीन मुख्य मूर्ती मंजुश्री, अवलोकितेश्वर आणि वज्रपाणी यांच्या. आपले यात्रेकरू त्यांना राम-लक्ष्मण-सीता म्हणून नमस्कार करतात आणि तिथले लामा हसून दिवा पुढे करतात. तकलाकोटहून मानसरोवराकडे जाताना तोयो गाव लागतं. जम्मूचा डोग्रा सेनापती जोरावरसिंह डिसेंबर 1841 मध्ये इथे मारला गेला. त्याची समाधी साधी दगडांची आहे, मुद्दाम विचारल्याशिवाय गाडी थांबत नाही.

केरुंगमार्गे गेलात तर सागाच्या आधी पेकू-त्सो सरोवर लागतं, पाठीमागे 8,027 मीटरचा शिशापांगमा. बहुतेक गाड्या फोटोपुरत्या थांबतात.

मानसरोवराच्या वायव्य कोपऱ्यात च्यू गोम्पा. एका सुट्या टेकाडावर, चढ दहा-पंधरा मिनिटांचा, आणि आत गुरू पद्मसंभवांची गुंफा. सरोवर आणि कैलास दोन्ही एका जागेवरून बघायचे तर ही जागा. पायथ्याशी गंगाछू, म्हणजे मानसरोवराला राक्षसतालाशी जोडणारा ओहोळ. वर्षावर्षाला त्याचं पाणी कमी-जास्त होतं, कधी पात्र कोरडंच. शेजारी गरम पाण्याचे झरे आहेत. राक्षसताल अशुभ म्हणून गटवाले पडदे ओढून घेतात, पण निळाईत तो मानसरोवरापेक्षा कांकणभर सरसच. त्याचं पाणी मचूळ, मानसरोवराचं गोड. दक्षिणेला 7,694 मीटरचा गुर्ला मांधाता.

परिक्रमेत दिरापुकला पोचल्यावर सगळे आडवे होतात, पण गोम्पा नदीपलीकडे आहे आणि अंधार पडण्याआधी तासभर तरी असतो. तेराव्या शतकातल्या गोत्सांगपा या साधूला याकची मादी होऊन आलेल्या डाकिनीने वाट दाखवली, ती गुंफा आत आहे. शिंगाच्या खुणा दाखवतात. झुटुलपुकची गुंफा मिलारेपा या तिबेटी योग्याची. त्याने डोक्याने छत उचललं, ते जरा जास्तच वर गेलं म्हणून बाहेर जाऊन पायाने खाली दाबलं, अशी कथा. छताला हात लावून बघा, दगड लोण्याच्या दिव्यांच्या काजळीने आणि हातांनी इतका गुळगुळीत झालाय की थंड काचेसारखा लागतो.

जैन मंडळींना अष्टापद महत्त्वाचं, ऋषभदेवांच्या निर्वाणाची जागा. ते आणि आतली (पर्वताच्या आणखी जवळून जाणारी) परिक्रमा यांना परवानगी मिळेलच असं नाही. "अष्टापद समाविष्ट" असं छापलेलं असेल तर न मिळाल्यास पैशांचं काय, हेही विचारून ठेवा. आतली परिक्रमा तशीही तिबेटी रीतीप्रमाणे बाहेरच्या तेरा झाल्यावरच करतात. अश्ववर्षात एकीच्याच तेरा धरल्या जातात, म्हणून यंदा तिची मागणी वाढेल.

हातात वेळ असेल तर तीर्थपुरी. तिबेटी यात्रेकरू कैलासानंतर तिथल्या गरम झऱ्यांवर जातातच, त्याशिवाय यात्रा पुरी मानत नाहीत. आणि त्याहून पुढे पश्चिम तिबेटातल्या गुगे या जुन्या राज्याची ठिकाणं, थोलिंगचा मठ आणि त्सापारांगचे मातीचे कडे. थोलिंगला 1042 साली बौद्ध आचार्य अतीश भारतातून आले होते. पण त्याला आणखी तीन-चार दिवस लागतात आणि परवानगीत ती नावं आधीच असावी लागतात. वाटेत ठरवून जाता येत नाही.

गोम्पात शिरताना टोपी काढा, मणी-भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची) नेहमी उजव्या हाताला ठेवा, फोटो विचारूनच. आणि दलाई लामांचा फोटो, पुस्तक, मोबाइलच्या पडद्यावरचं चित्र, काहीही बरोबर नको. सीमेवर सामान आणि मोबाइल दोन्ही तपासतात, आणि तुमच्यामुळे तिथल्या तिबेटी वाटाड्याची नोकरी जाऊ शकते.

मेतकूटभात

स्नानाचं उत्तर राहिलंच की. आता सरोवरात उतरून डुबकी मारायला मनाई आहे. बादलीने पाणी काढून काठापासून लांब नेऊन अंगावर घ्यायचं. घड्याळातल्या तीन ते पाचच्या दरम्यान, ऊन असताना, वारा पडलेला बघून. डोकं शक्यतो भिजवू नका. भिजलंच तर लगेच कोरडं करून कानटोपी, कारण परिक्रमेच्या आदल्या दिवशी सर्दी धरली तर खिंडीत नाक बंद. पूजेसाठी फुलं, नारळ, प्लास्टिकची ताटं पाण्यात सोडायची नाहीत. तिथे काही कुजत नाही, पुढच्या वर्षीच्या लोकांना तुमचा नारळ तसाच दिसतो. आणि शिवस्थळावर पाण्याच्या बाटल्या टाकून येणाऱ्यांना काय म्हणावं!

जेवण: सरोवराच्या उंचीवर पाणी 85 अंशांनाच उकळतं. कुकरशिवाय डाळ शिजत नाही, भात वरून फुगतो आणि आत दाणा राहतो. गटाच्या स्वयंपाक्याकडे कुकर आहे का ते विचारा. भूक मरते म्हणून घरचं चमचमीत थोडं हवं: लिंबाचं गोड लोणचं, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, आमसूल. तळलेलं आणि डिंकाचे लाडू पचत नाहीत. चिक्की थंडीत दगड होते, दाताचं काम केलेल्यांनी जपून. गरम पाण्याचा थर्मास प्रत्येकाचा वेगळा, दिवसाला तीन-चार लिटर घोटघोट.

पैसे युआनमध्ये रोख न्या, काठमांडूतच बदलून. आपली कार्डं दारचेनला चालतील या भरवशावर राहू नका. व्हॉट्सॲप तिथल्या वायफायवर चालत नाही, भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर चालतं. मोबाइलची बॅटरी रात्री झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपा, बाहेर ठेवलीत तर सकाळी अर्धी झालेली असते. संडास बहुतेक ठिकाणी उघड्या खड्ड्याचे, दारं नाहीत. बायकांनी मोठी शाल किंवा छत्री जवळ ठेवावी आणि रात्री एकटीने जाऊ नये, कडेला बर्फ गोठलेला असतो.

सरोवराचं पाणी आणायला जाड प्लास्टिकचा छोटा कॅन घरून न्या. पातळ बाटली खाली उतरताना हवेच्या दाबाने चेपते आणि कडेला चिरते. उलट जाताना मुंबईत भरलेल्या क्रीमच्या ट्यूबा वर उघडल्या की भसकन बाहेर येतात, त्या कपड्यांत ठेवू नका. परतीच्या विमानात कॅन मोठ्या सामानात टाका, झाकणाला चिकटपट्टी मारून. हातातल्या पिशवीत ठेवलात तर सुरक्षा तपासणीत ओतून द्यावं लागेल.